बोलणाऱ्यांची नावे

गुरुजी ऑफिसात गेले की वर्गाचा मॉनिटर खडू घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात उभा राहायचा, 'बोलणाऱ्यांची नावे' असं ठळक अक्षरांत लिहायचा आणि खाली रेघ मारायचा. मग जो तोंड उघडेल त्याचं नाव यादीत. पुन्हा बोलला तर नावापुढे फुली. गुरुजी परत आले की फुल्या मोजून हिशेब चुकता. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या ही यादी बघत शिकल्या. तिच्यात एकदाही नाव आलं नाही हे अभिमानाने सांगणारी माणसं आजही भेटतात. पुढे मोठ्या हुद्द्यांवर गेलेली, आणि बैठकांमध्ये साहेबांचं बोलणं संपेपर्यंत मान हलवणारी. ती पोरं नेमकं काय बोलत होती, हे मात्र कोणी विचारलं नाही. क्रिकेटबद्दल बोलत असतील. गणिताबद्दलही बोलत असतील.

यंदाच्या आमच्या परिसंवादाचा विषय यातूनच निघाला: वर्गात मुलांनी एकमेकांशी बोलावं का, आणि बोलावं तर कशाबद्दल? विषय कळल्यावर एका जुन्या वर्गणीदारांनी फोन करून विचारलं, "दिवाळी अंकात हे कशाला? हे शिक्षण खात्याने बघावं." शिक्षण खातं बघतंच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या २९व्या कलमात अभ्यासक्रमाविषयी जे म्हटलंय त्यात कृतीतून आणि शोधातून शिकणं आहे, भयमुक्त वातावरण आहे आणि मुलाला आपली मतं मोकळेपणाने मांडता यावीत हेही आहे. म्हणजे मुलांचं बोलणं आता कायदेशीर आहे. ते होतं का, हा प्रश्न वेगळा.

आपल्याकडे २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक, म्हणजे शिकताना वेळोवेळी करायच्या, मूल्यमापनाची साधनं ठरवून दिली: निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, आणि शेवटी 'इतर'. गटकार्य या 'इतर'मध्ये बसवलेलं आहे. तिथे ते बसून राहिलं. शिक्षकाने प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची असते. त्या नोंदी तयार छापून मिळतात, मोबाईलवरही फिरतात. 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो.' मुलगी असेल तर 'होते.' प्रत्यक्षात गट झाला असो वा नसो, नोंद होतेच. प्रकल्पाचंही तेच. पाच जणांच्या गटातली एक हुशार मुलगी सगळं लिहिते, एकाची आई चित्रं चिकटवते, बाकीचे तिघे वहीवर नावं घालतात आणि गुण सगळ्यांना सारखे. हे बघून ज्यांना गटकार्याचा तिटकारा आला त्यांना आम्ही दोष देणार नाही. ती हुशार मुलगी मोठी झाल्यावर सांगते की गटात काम म्हणजे माझं काम आणि त्यांचं नाव. तिचा अनुभव खोटा नाही.

तरीही आमचं म्हणणं असं, की बिघडतं ते मुलांमुळे नाही, प्रश्नामुळे. ज्याचं उत्तर गाईडमध्ये तीन मुद्द्यांत तयार आहे त्याच्यावर चार मुलांनी चर्चा काय करायची? 'जलप्रदूषणाची कारणे लिहा' असं सांगून गट पाडले तर चौघं एकाची वही मागतील. तेच शहाणपणाचं आहे. एकट्याला न पेलणारा प्रश्न असेल, तरच शेजारच्याची गरज लागते.

असा प्रश्न कसा असतो हे ज्यांनी दाखवलं त्यांची गोष्ट मराठीत अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवायला घेतलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक मदतीला होते, पण शिकवणार होते गावातले सरकारी शिक्षक. मुलांनी चार-चारांच्या टोल्या करून बसायचं, प्रयोग करायचा, दिसेल ते लिहायचं, त्यावर बोलायचं. 'बाल वैज्ञानिक' नावाचं पुस्तक होतं, पण त्यात उत्तरं नव्हती. प्रयोग कसा करायचा ते होतं आणि पुढे प्रश्न होते. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची परवानगी. उत्तरंच नसतील तर उघडून तरी काय पाहणार!

मोजमापाचा धडा घ्या. एकाच टेबलाची लांबी टोलीतल्या चौघांनी मोजायची. समजा एकाची आली ११८.२ सेंटिमीटर, दुसरीची ११८.६, तिसऱ्याची ११७.९. आपल्या नेहमीच्या वर्गात इथे बाई म्हणतील, "नीट मोजा," आणि जिचं उत्तर बाईंच्या उत्तराशी जुळेल ती बरोबर. होशंगाबादच्या पद्धतीत सगळ्या टोल्यांचे आकडे फळ्यावर यायचे. मग प्रश्न असा की टेबल एक, आकडे इतके का? कोणी पट्टी शून्यापासून न लावता कडेपासून लावली असेल. पट्टी उचलून पुढे ठेवताना खूण सरकली असेल. एखादा तिरका बघत असेल. आणि हे सगळं दुरुस्त केल्यावरही आकडे तंतोतंत जुळत नाहीत, थोडी घट-बढ राहतेच, हे जेव्हा मुलांच्या लक्षात येतं तेव्हा विज्ञानातली एक फार मोठी गोष्ट त्यांच्या हाती लागलेली असते. एकट्या मुलाने दहा वेळा मोजलं असतं तरी ती इतक्या लख्ख कळली नसती, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. शेजारच्याची लगेच दिसते.

१९७८ साली हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत गेला. १९८२ साली त्यासाठीच 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली. टेल्को कंपनीतली नोकरी सोडून खेळण्यांतून विज्ञान शिकवायला लागलेले पुण्याचे अरविंद गुप्ता इथूनच त्या वाटेला लागले. पुण्यातल्या 'शैक्षणिक संदर्भ' या मराठी नियतकालिकाचं मूळही एकलव्यच्या हिंदी 'संदर्भ'मध्ये आहे. पुढे हा कार्यक्रम कित्येक जिल्ह्यांत पसरला आणि तीस वर्षं चालल्यावर २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला.

त्यातली एक बाब आम्हाला प्रयोगांपेक्षा महत्त्वाची वाटते. या शिक्षकांची उन्हाळ्यात लांबलचक शिबिरं होत, आणि वर्षभर दर महिन्याला एकत्र बसून ते कोणता प्रयोग फसला, कुठे मुलांनी अडवलं, यावर भांडत. शिक्षक शिबिरात आधी स्वतः चौघांच्या टोलीत बसून टेबल मोजत. आपल्याकडेही केंद्रावर शिक्षण परिषद होते. बहुतेक ठिकाणी तिच्यात परिपत्रकं वाचून दाखवतात आणि चहा होतो. ज्या शिक्षकाला वर्षभरात कोणी मत विचारलं नाही, त्याने वर्गात मुलांची मतं विचारावीत अशी अपेक्षा करणं फारच झालं. त्यात पोर्शन संपवायचा, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि मतदारयाद्याही तपासायच्या. व्याख्यान द्यायला तयारी कमी लागते. चर्चा घडवायला प्रश्न आधी शोधावा लागतो, सामान जमवावं लागतं, आणि मुलं कुठल्या वाटेने जातील याचा अंदाज बांधून ठेवावा लागतो. तो अंदाज हमखास चुकतो.

महाराष्ट्रात हे झालंच नाही असं नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते मुलांच्या प्रश्नांवर आणि अनुभवांवर भिस्त ठेवूनच. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने अनुभवातून स्वतः ज्ञान घडवावं हा विचार, इतक्या मनापासून राबवला की राज्यभरातले शिक्षक गाड्या करून बघायला येत. गंमत पुढे झाली. बघायला गेलेल्यांनी परत येऊन आपल्या वर्गाच्या फरश्या रंगवल्या. आकृत्या, चौकटी, गोल, सगळं तेलरंगात. कुमठ्याचे शिक्षक फरशीवर बसलेल्या मुलांना काय विचारत होते, ते मात्र रंगाच्या डब्यात मावलं नाही.

दिवाळीच्या दिवसांत आपल्या अंगणांत, सोसायट्यांच्या कोपऱ्यांत किल्ले होतात. तिथे कोणी गट पाडून देत नाही. विटा एक आणतो, पोतं दुसरा मागून आणतो, सर्वांत धाकट्याकडे चिखल. सहलीत रायगड पाहून आलेली मुलगी सांगते की दरवाजा समोरून दिसत नाही, वळणाआड असतो. दुसरा म्हणतो, मग मावळे ठेवायचे कुठे? भांडण होतं, बुरूज उंच करायचा ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी पेरलेल्या हळिवाला पाणी घालताना तो ढासळतो. इथे मोठ्यांनी निकाल द्यायची गरजच पडत नाही, कारण निकाल चिखलच देतो. होशंगाबादच्या टेबलावर पट्टी देत होती तसा. चांगल्या गटकार्यात न्यायाधीश शिक्षक नसतो, हातातली वस्तू असते. (हल्ली प्लास्टरचे तयार किल्लेही मिळतात. तयार प्रकल्पांचे गिऱ्हाईक तेच.)

मात्र अंगणातल्या किल्ल्यावरही आवाज कोणाचा चालतो, हे पाहायला हवं. गटात बोलतो तो बहुधा आधीच बोलका असतो; सुशिक्षित घरातला, पुढच्या बाकावरचा. मुली लिहितात, मुलगा सादर करतो. घरी वेगळी बोली बोलणारं मूल तोंड उघडल्यावर हसं होईल म्हणून गप्प राहतं. पाड्यावरच्या शाळेत, तांड्यावरून आलेल्या मुलांत हे रोज दिसतं. नुसतं 'गट करा, बोला' म्हटलं तर वर्गाबाहेरची उतरंड वर्गात येऊन बसते. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. धड्याचे पाच-सहा तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. ज्याच्याकडे तुकडा आहे त्याने तो बाकीच्यांना समजावून सांगायचा. चाचणी मात्र पूर्ण धड्यावर. आता अडखळत बोलणाऱ्या मुलाला चिडवलं तर नुकसान चिडवणाऱ्याचंच, कारण तो तुकडा दुसऱ्या कोणाकडे नाही. हळूहळू मुलं त्याला चिडवण्याऐवजी प्रश्न विचारायला लागली. आमच्या मते यात सद्भावनेचा उपदेश नाही, हेच या युक्तीचं बळ. आपल्या शाळांत जातीची आणि भाषेची जी बाकं आहेत त्यांच्यावर हा उपाय करून पाहायला खर्च जवळजवळ शून्य आहे.

चर्चेने होतं काय, असं विचारणाऱ्यांसाठी मुंबईचं एक उदाहरण पुरे. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी निघाली. पाठीशी प्राध्यापक पॅटन, आणि मंडळींत तरुण दादाभाई नौरोजी. निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा, एवढाच कार्यक्रम. देशी भाषांतूनही चर्चा व्हावी म्हणून मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा जोडीला होत्या. स्त्रीशिक्षणावरच्या अशाच एका चर्चेचा शेवट टाळ्यांवर झाला नाही. १८४९ साली याच तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या आणि सुरुवातीला स्वतःच पगाराविना शिकवायला उभे राहिले. विशी-पंचविशीची पोरं ती. वडीलधाऱ्यांनी त्यांची नावं कोणत्या फळ्यावर लिहिली असतील, कल्पना करावी.

आता अंकाविषयी थोडं. परिसंवादातले दोन लेख एकमेकांच्या थेट विरोधात आहेत. द्विशिक्षकी शाळेतले एक गुरुजी लिहितात की चार इयत्ता आणि दोन शिक्षक असताना गट ही चैन नसून गरज आहे. चौथीची मुलं पहिलीला वाचून दाखवतात म्हणूनच शाळा चालते. शहरातल्या साठ-पासष्टांच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं असं की आधी नीट समजावून सांगणाऱ्याची गरज आहे, अर्धवट कळलेलं एकमेकांना सांगून चुका पसरतात. आम्ही दोघांना एकमेकांचे मजकूर पाठवले आणि हवा तर बदल करा म्हटलं. गुरुजींनी एक परिच्छेद काढला, बाईंनी दोन वाढवले. मतभेद मिटलेला नाही. दोन्ही लेख समोरासमोरच्या पानांवर आहेत. चर्चेची थोरवी सांगणारे, पण कुणालाही एक प्रश्न न विचारणारे सात-आठ लांब लेखही आले होते. ते साभार परत केले.

बाकी कथा, कविता आणि नेहमीची सदरं आहेत. यंदा शब्दकोडं दोघांनी मिळून सोडवायचं आहे: आडव्या शब्दांची सूत्रं एका पानावर, उभ्या शब्दांची दुसऱ्या, आणि पान फाडून दुसऱ्याला द्यायला आमची हरकत नाही. उत्तरं पुढच्या अंकात येतील. परिसंवादावरची पत्रं डिसेंबरअखेरपर्यंत पाठवावीत. न पटल्याची पत्रं आधी छापू.



— संपादक