शिडाच्या होडीसाठी कोणता किनारा?

सुट्टीत कोठे जावयाचे हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांत दरवर्षी निघतो आणि डोंगर, देवस्थान अथवा वाळूचा किनारा यांपैकी एकावर मिटतो. समुद्राकडे जाणारेही समुद्रावर जात नाहीत. घोटाभर पाण्यात उभे राहून परततात. लहान शिडाची होडी घ्यावी, दिवसा प्रवास करावा, रात्री खाडीत नांगर टाकावा आणि असा एक आठवडा घालवावा, ही कल्पना आपल्याकडे धनिकांचा षोक म्हणून बाजूला सारली जाते. ज्या किनाऱ्यावर आंग्र्यांचे आरमार वावरले, आणि ज्या मराठी समाजातील दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेथे ही परिस्थिती असावी याचे नवल वाटते.

जलपर्यटनाची भाषा मात्र अलीकडे पुष्कळ ऐकू येते. या चर्चेत किनाऱ्याची निवड ज्या कसोटीवर होते, ती कसोटीच मुळात चुकीची आहे. रुपेरी वाळू, माडांची रांग आणि हॉटेलांची सोय जेथे, तेथे जलपर्यटन, असे आपण गृहीत धरतो. होडीचा न्याय याच्या नेमका उलट आहे. गुहागर आणि गणपतीपुळे यांचे सौंदर्य कोण नाकारील? परंतु ते उघडे किनारे आहेत. तेथे लाट थेट वाळूवर फुटते आणि लहान होडीला रात्रीचा थारा नाही. नवशिक्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न एकच : एका आसऱ्यापासून दुसरा आसरा किती दूर आहे?

वीस-बावीस फुटी होडी बेताच्या वाऱ्यात ताशी सहा-सात किलोमीटर चालते. दिवसाउजेडी सुरक्षितपणे कापावयाचे अंतर म्हणून तीस-पस्तीस किलोमीटरच धरावे. रात्री तर निघूच नये, कारण मच्छीमारांची जाळी अंधारात दिसत नाहीत. या मापाने नकाशा पाहिला की दाभोळ ते विजयदुर्ग हा पट्टा आपोआप पुढे येतो. वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळपासून शास्त्रीच्या मुखावरील जयगड सुमारे ३१ किलोमीटर, तेथून रत्नागिरी ३४, पुढे मुचकुंदीवरील पूर्णगड २१ आणि वाघोटणच्या मुखावरील विजयदुर्ग २७. चार मजला, आणि प्रत्येकीच्या शेवटी नदी अथवा बंदर. विजयदुर्ग तर कोकणातील उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक. आंग्र्यांनी ते उगाच निवडले नव्हते. दाभोळ आणि जयगड येथे आता मोठी जहाजे येतात, तेव्हा त्यांच्या मार्गापासून दूर राहावे लागते, एवढीच तेथील अडचण.

मुंबई-अलिबागचा पट्टा जवळचा म्हणून मोह घालतो. पण तेथे जहाजांची वर्दळ आहे आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो. मालवणचे पाणी स्वच्छ, तथापि खडकांनी भरलेले. माहितगार तांडेल बरोबर नसेल तर नवशिक्याने तेथे शीड उभारू नये.

ऋतूचा विचार स्थळाइतकाच महत्त्वाचा. पावसाळा तर बादच. परंतु त्याच्या दोन्ही कडाही विश्वासार्ह नाहीत : २००९ चे ‘फयान’ नोव्हेंबरात आले, २०२१ चे ‘तौक्ते’ मेमध्ये, २०२० चे ‘निसर्ग’ ३ जूनला. उरतात डिसेंबर ते मार्चचे महिने. या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. शाळेच्या भूगोलात घोकलेली ही जोडी येथे कामाला येते. सकाळी मतलईवर बाहेर पडावे, दुपारी वायव्येचा वारा पाठीशी घेऊन दक्षिणेच्या खाडीत शिरावे. म्हणूनच प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा. उलट दिशेने त्याच वाऱ्याशी झगडावे लागते आणि दिवस दुप्पट लागतात. त्यापेक्षा लहान होडी परतताना ट्रकवर घातलेली बरी.

खाड्यांच्या मुखाशी बहुधा वाळूचा दांडा असतो. तो चढत्या पाण्यावर ओलांडावा, ओहोटीत लाट उलटून फुटते. येथे कोळ्यांचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दक्षिणेकडे थोडा फरक पडतो, पण अंदाजाला तो पुरेसा आहे. भिंतीवर दिनदर्शिका असलेल्या कोणालाही यावरून कळेल की षष्ठीच्या सुमारास निघाल्यास पहाटे उतरते पाणी होडीला बाहेर नेते, दुपारी चढते पाणी आत आणते आणि भांगाचे दिवस असल्याने प्रवाहही सौम्य असतात. इतके शास्त्र ज्या समाजाच्या बोटांवर आहे, त्याला आपण जलपर्यटनाच्या योजनांत फार तर हमाल म्हणून जागा देतो.

अर्थशास्त्राच्या वर्गात सार्वजनिक वस्तू शिकविताना दीपगृहाचे उदाहरण पिढ्यान् पिढ्या दिले जाते. एकाने प्रकाश पाहिला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही आणि पैसे न देणाऱ्याला तो दिसू नये अशी व्यवस्था करता येत नाही. म्हणून तो खर्च समाजाने उचलावा, असा तो युक्तिवाद. रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये इंग्लंडच्या इतिहासातून खाजगी दीपगृहांचे दाखले काढून त्याला धक्का दिला. तो वाद विद्वानांनी चालू ठेवावा. आपल्या खाड्यांच्या मुखाशी वाट दाखविणाऱ्या खुणेच्या तरंगत्या पिंपावर नफा मिळवू पाहणारा उद्योजक मात्र अजून मला भेटलेला नाही. उद्योजक बांधील तो एकाच ठिकाणचा भपकेबाज मरिना, आणि त्याचे भाडेच ठरवील की समुद्र कोणाचा. लहान होडीला एका जागी शंभर सोयी नकोत. दर तीस किलोमीटरवर चारच सोयी हव्यात.

हे स्वप्नरंजन नव्हे. फ्रान्समध्ये १९४७ साली, युद्धकाळातील प्रतिकार चळवळीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील ग्लेनाँ बेटांवर शिडाच्या होड्यांची शाळा काढली. ती नफ्यासाठी नव्हती, आणि आजही चालू आहे. त्याच वर्षी १७ जुलैला आपल्याकडे ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आपल्या घरांतील समुद्राची भीती बरीचशी त्या दिवसाची आहे, आणि ती अकारण नाही. पण ती बोट भर पावसाळ्यात, गर्दीने भरून निघाली होती. त्यातून ऋतू आणि भार यांचा धडा घेण्याऐवजी आपण पाठच फिरविली.

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर अनोळखी होडीकडे संशयाने पाहिले जाते, हेही समजण्यासारखे आहे. त्याला उपाय नोंदणीचा : निघताना एका बंदरात नाव, माणसे आणि मार्ग लिहून द्यावा, पुढच्या बंदराने पोहोचल्याची नोंद करावी. यात सुरक्षाही साधते आणि होडी न पोहोचल्यास शोधही लवकर सुरू होतो.

तेव्हा शासनाने दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड आणि विजयदुर्ग या पाच ठिकाणी, मासेमारीच्या गर्दीपासून थोडे बाजूला, दोन-तीन होड्या बांधता येतील असे पक्के नांगर टाकावेत, गोड्या पाण्याचा एक नळ द्यावा, नोंदवही ठेवावी आणि धक्क्यावर एक फळा लावावा. त्यावर रोज भरतीची वेळ, वारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज लिहिलेला असावा. लिहिण्याचे काम गावातल्याच एखाद्या निवृत्त तांडेलाला मानधन देऊन सोपवावे, आणि पहिल्या मोसमात कोणतीही नवी होडी त्याला विचारल्याशिवाय खाडीबाहेर काढू देऊ नये.