बंदराचा दरवाजा आणि रोग्याचे दार

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे बलाढ्य राष्ट्रांच्या स्वार्थावर चढविलेला परोपकाराचा मुलामा, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा पुढच्याच वर्षी रोगप्रतिबंधाच्या परिषदेसाठी व्हेनिसला जमलेल्या मुत्सद्द्यांना चिंता लागली ती मुंबईच्या मांडवी वस्तीतल्या रोग्याची नव्हे, तर मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींची आणि त्यांतून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची. स्वार्थ निखालस होता, हे मान्य.

परंतु त्यावरून सहकार्य हे ढोंगच, असा निष्कर्ष काढणे म्हणजे वाणी नफा घेतो म्हणून गावाला धान्य मिळतच नाही असे म्हणण्यासारखे आहे. व्हेनिसच्या स्वार्थाचा दोष एवढाच, की तो बंदराच्या दरवाज्यापाशी थांबला. १९५८ साली सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव यांनी जागतिक आरोग्य संघटनेपुढे देवीच्या निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला, आणि १९६७ पासून जोर धरलेल्या मोहिमेची सूत्रे अमेरिकेच्या डोनाल्ड हेंडरसन यांनी सांभाळली, तेव्हा एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेली ही दोन राष्ट्रे काही संतपदाला पोचली नव्हती. रोग दूरच्या झोपडीत विझला तरच आपले घर सुरक्षित, एवढा हिशेब मात्र त्यांना उमगला होता. लस पुष्कळशी सोव्हिएत देणगीतली. ती टोचण्याच्या दुभंगलेल्या टोकाच्या सुईचे हक्क अमेरिकी कंपनीचे, आणि तिने स्वामित्वधनावर पाणी सोडलेले.

संघटनेपाशी ना फौज ना फर्मान, हा दुसरा आक्षेप. खरे आहे, पण फर्मानाने रोग लपतो. टोचणारा आला की पोरांना माळ्यावर दडविणाऱ्या आया आपल्याकडेही थोड्या नव्हत्या. भारतात १९७४ साली देवीची साथ भडकली, लाखाहून अधिक माणसांना तिने गाठले, तेव्हा उपयोगी पडली ती घरोघरची चौकशी, रोगी मुलाचे चित्र दाखवून विचारलेला साधा प्रश्न, आणि खबर देणाराला बक्षीस, जे वाढत वाढत हजार रुपयांवर गेले. ज्या घरी रोगी सापडे, त्याच्या भोवतालच्या माणसांना आधी टोचावयाचे, ही रीत. राबणारे हात बहुतांशी आपल्याच सरकारी नोकरांचे होते, हे या खात्यात जमेस धरलेच पाहिजे.

मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे भारतातील अखेरची रोगी सापडली. ती सरहद्दीपलीकडून, बांगलादेशातून आलेली एक निर्धन स्त्री होती. व्हेनिसच्या मुत्सद्द्यांनी तिला वेशीवरच अडविले असते. येथे तिला दवाखान्यात नेले, आणि तिच्या वाटेवरच्या माणसांचा शोध सुरू झाला.