छपराखालची पेठ

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हिवाळा अतिशय कडक. तेथील एडायना गावी १९५६ साली ‘साउथडेल’ पेठ उघडली. एका छपराखाली ७२ दुकाने आणि आत बारमाही वसंत! आज आपण ज्यास ‘मॉल’ म्हणतो, त्याचा हा आद्य नमुना.

त्याचा वास्तुशिल्पी व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. पेठेभोवती घरे, शाळा, उद्यान असावे, शेजाऱ्यास शेजारी भेटावा, ही त्याची मनीषा. प्रत्यक्षात भोवती पसरले मोटारींचे तळ. पुढे अशा पेठा जागोजाग झाल्या, तेव्हा त्याने त्यांचे पितृत्व नाकारले.

मुलांनो, त्याची खंत मला रास्त वाटते. थंडीवाऱ्यापासून निवारा मिळाला, ही सोय खरी. परंतु खरेदी आटोपताच जेथे थांबण्याचे प्रयोजन उरत नाही, ती पेठ कितीही शोभिवंत असली, तरी तिला गावाची सर येणार नाही.