हार्ट ट्रान्सप्लांट की बायपास?

रविवारी सकाळी साडेसातला वसईत आमच्या गल्लीत निळा धूर दिसला, तर घाबरू नका. आग वगैरे काही नाही. पप्पांनी गाडी स्टार्ट केलीय, इतकंच.

गेले तीन रविवार आमच्या घरात दुसरा विषयच नाही. इंजिन बदलायचं, दुरुस्त करायचं, की गाडीच विकायची? दादाच्या लग्नाची एवढी चर्चा झाली नव्हती, शप्पथ!

आता तुम्ही म्हणाल, एका गाडीचं काय एवढं. पण गाडी साधी नाहीये. सॅन स्टॉर्म आहे. नाव ऐकलं नसेल तर तुमची चूक नाही, सिग्नलला शेजारचा बाइकवाला पण हमखास विचारतो, ‘इंपोर्टेड का?’ नाही बॉस, गोव्याची! नव्वदच्या दशकाच्या शेवटी, जेव्हा आपल्याकडे मारुती झेन घेतली की माणूस कॉलर टाइट करून फिरायचा, तेव्हा सॅन मोटर्सनं गोव्यात ही टू-सीटर स्पोर्ट्स कार बनवायला घेतली. फायबरची बॉडी, छप्पर काढता येणारं, आणि बॉनेटखाली रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. पॉवर साठ बीएचपीच्या आसपास. हसू नका. आज तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमधली कुठलीही हॅचबॅक यापेक्षा जास्त ताकदीची असेल. पण बूड रस्त्याला टेकेल इतकं खाली बसून, डोक्यावर छप्पर नसताना साठचा स्पीडसुद्धा एकशेवीस वाटतो.

पप्पांनी ती २००९ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हा मी सहावीत होते. २००२ चं मॉडेल, एमएच ०४ नंबर, कारण तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता. चार माणसांच्या घरात दोन सीटची गाडी! मम्मीनं तो आठवडा मौनव्रत पाळलं. मग दर रविवारी एकाचा नंबर लागायचा. एक रविवार माझा, एक दादाचा, एक मम्मीचा (जो ती मला विकायची, एका आठवड्याच्या भांड्यांच्या बदल्यात). रानगाव, कळंब, कधी अर्नाळ्यापर्यंत. वसईच्या खाऱ्या हवेत आमचं गेट दोनदा गंजून बदललं. फायबरच्या बॉडीला मात्र ढिम्म काही झालं नाही.

आजार आतून निघाला. आधी ऑइल कमी व्हायला लागलं, सहाशे किलोमीटरला जवळजवळ लिटरभर. मग निळा धूर. वालीवला इंडस्ट्रियल इस्टेटमागे आमचे नेहमीचे मेस्त्री आहेत, त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, ‘ताई, पांढरा धूर म्हणजे पाणी, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय.’ माझ्या मास कॉमच्या दोन वर्षांत कोणी इतकं क्लिअर बोललं नव्हतं.

त्यांनी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन टेस्ट केली. म्हणजे स्पार्क प्लगच्या भोकात प्रेशरचं मीटर लावायचं, स्टार्टर मारायचा आणि काटा कुठं जातो ते बघायचं. १६५, १६०, ९५, १५०. तिसरा पेशंट सीरियस. पण खरी गंमत पुढे. मेस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकलं आणि परत टेस्ट केली. काटा ९५ वरून १४० वर! लॉजिक असं, की ऑइल पिस्टनच्या कडेनं पसरून फट बुजवतं. प्रेशर वाढलं तर दोष रिंगमध्ये किंवा सिलिंडरच्या भिंतीत. नाही वाढलं, तर वरच्या व्हॉल्व्हमध्ये. एक चमचा ऑइल, नो एमआरआय! तुम्हाला कोणी डायरेक्ट ‘इंजिन गेलं, नवीन टाका’ असं सांगितलं, तर आधी एवढी टेस्ट करायला लावा.

रिंगा का गेल्या? इथे पप्पा गप्प झाले. कारण गेली कित्येक वर्षं रेडिएटरमध्ये ते कूलंट नाही, आमच्या वाडीतल्या बावखलाचं पाणी घालत होते. ‘आपलं पाणी गोड आहे,’ हे वर. झाडांना गोड असेल हो, पण इंजिनात क्षार साचले. त्यात मागच्या मे महिन्यात वर्सोवा पुलाच्या जॅममध्ये दोन तास गाडी तापली. रेनॉचा दोष नाही, सॅनचा नाही, दोष शंभर टक्के घरचा.

आता ऑप्शन्स. पहिला, सेम इंजिन आणून बसवायचं. हेच इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओत यायचं, पण त्या गाड्या रेनॉनं भारतात विकल्याच नाहीत. नाशिकला २००७ पासून बनायची ती महिंद्रा-रेनॉ लोगन, तिचं इंजिन वेगळ्याच घराण्यातलं, आडनाव तेवढं सेम. (बाय द वे, दिलीप छाब्रियांची डीसी अवंती विक्रीला आली, तेव्हा तिच्यातही रेनॉचंच इंजिन होतं. आपल्या देशी स्पोर्ट्स कार्सचं हृदय फ्रेंच का असतं, हा वेगळा कॉलम होईल.) कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एकानं ‘मिल जायेगा’ म्हटलं. एक लाख साठ हजार. पेपर? ‘पेपर का क्या काम?’

काम आहे. इंजिन नंबर तुमच्या आरसीवर छापलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आणि जुन्या इंजिनाचा सोर्स दाखवावा लागतो. नंबर जुळला नाही तर इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी हात वर करणार. आणि ते इंजिन कोणाच्या चोरीच्या गाडीतलं निघालं तर? त्यापुढचं मी पप्पांना सांगितलंच नाही.

दुसरा ऑप्शन मेस्त्रींनी जरा चाचरत सांगितला, मारुतीचं इंजिन. पार्ट कुठेही मिळतात, सगळं स्वस्तात. पप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी स्वतःच चहा मागवला. शिवाय वेगळ्या मेकचं इंजिन म्हणजे आरटीओत अजून मोठी भानगड.

तिसरा ऑप्शन, विकणे. कळंबच्या बाजूच्या एका रिसॉर्टवाल्यानं ऐंशी हजार देऊ केले. चालवायला नाही. गेटवर लायटिंग करून ठेवणार, लोक सेल्फी काढतील. पप्पा ‘बघतो’ म्हणाले आणि जेवायला आलेच नाहीत.

राहिला चौथा, जुन्यालाच उघडायचं. ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे बोअर करता येतो. एकाचं करायचं तर चौघांचं करायचं, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बुश, हेडचं फेसिंग, टायमिंग बेल्ट. पार्ट फ्रान्सहून मागवायचे, वर कस्टम ड्युटी. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइपही बदलून टाका, असं मेस्त्रींचं म्हणणं. टोटल एक लाख पस्तीस हजार. नंबर तोच, आरसी तीच.

खरा प्रॉब्लेम इथेच आहे. पप्पा रिटायर झालेत आणि त्यांनी पैसे मागितले नाहीत. मागणारही नाहीत. आणि माझ्या अकाउंटला दीड लाख आहेत. फ्रीलान्सरचे दीड लाख, म्हणजे तीन-तीन महिने पेमेंटच्या मेल टाकून जमवलेले! ते अंधेरीच्या वन आरकेच्या डिपॉझिटसाठी आहेत, दोन मैत्रिणींबरोबर. ज्यांनी वसईहून सकाळची विरार फास्ट पकडायचा प्रयत्न केलाय, त्यांना हे डिपॉझिट म्हणजे काय ते समजावायला नको.

मी एक्सेल शीट केली. १,३५,००० भागिले साठ महिने, म्हणजे महिन्याला २,२५०. ज्या जिमला मी जात नाही तिच्या फीपेक्षा थोडे जास्त. मग रजिस्ट्रेशन. २०१७ मध्ये रिन्यूअलची फी होती ६०० रुपये. २०२२ च्या एप्रिलपासून ती ५,००० झाली, आम्ही त्यातच सापडलो. ऑगस्ट २०२५ च्या नियमानं वीस वर्षांवरच्या कारला १०,०००, म्हणजे २०२७ मध्ये आम्हाला तेवढे भरायचेत. पर्यावरण कर वेगळा. आणि निळा धूर सोडणारी गाडी तिथे पास होणार नाही, म्हणजे ‘नंतर बघू’ हा ऑप्शन खरं तर नव्हताच. शीटच्या शेवटी सरळ उत्तर आलं, विकून टाका.

शीट मी मम्मीला दाखवली. ती म्हणाली, ‘विकायची तर विका, चालवायची तर चालवा. अंगणात नुसती उभी नको. मला कपडे वाळत घालायला जागा नाही.’ मग थोड्या वेळानं, भाजी निवडता निवडता, ‘पण गेटवर लायटिंग लावून नको हं.’

शेवटी तोडपाणी झालं. पप्पांच्या एफडीतले सत्तर हजार, माझे चाळीस, दादाचे पंचवीस (वहिनीला सांगायचं नाही, हा कॉलम ती वाचत नाही अशी आशा). पप्पांनी आधी ‘लेकीचे पैसे गाडीत घालायचे नाहीत’ असा डायलॉग मारून बघितला. मी म्हटलं, देत नाहीये, शेअर विकत घेतेय. अटी दोन. बावखलाचं पाणी बंद, आणि एक रविवार सोडून एक रविवार मी ड्रायव्हिंग सीटवर. आजवर त्यांनी मला ती गाडी गेटबाहेरसुद्धा काढू दिलेली नाही. पहिल्या अटीला त्यांनी लगेच हो म्हटलं. दुसरीवर अजून वाटाघाटी चालू आहेत.

अंधेरी चार महिने पुढे गेली. मैत्रिणींना मी अजून फक्त ‘फॅमिली इश्यू’ एवढंच सांगितलंय.

मागच्या शनिवारी मेस्त्री साखळी-पुली घेऊन घरीच आले आणि इंजिन उचललं. बाहेर आल्यावर ते इतकं छोटं दिसलं, की मला आधी वाटलं अर्धंच काढलंय. पप्पांनी मोबाइलचा टॉर्च मारून, अंगठ्यानं मळ पुसून नंबर वाचला आणि आरसीशी दोनदा ताडून बघितला. ब्लॉक लेथवर गेलाय. पिस्टन कस्टम्समध्ये अडकलेत आणि मी रोज नायगाव ते भाईंदर, नेटवर्क जाईपर्यंत, ट्रॅकिंग रिफ्रेश करत असते. आणि अंगणात, बॉनेट काढलेल्या रिकाम्या गाडीवरून मम्मीनं दोरी बांधलीय. सध्या तिथे चादरी वाळतायत.