राखाडी बटण

तर झालं असं की, गेल्या महिन्यात 19 तारखेला रात्री साडेनऊला मी ठाण्याहून डोंबिवलीला घरी पोचलो. बॅग सोफ्यावर टाकतोय तोच बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या काकू, लॅपटॉप छातीशी धरून.

"अरे, झोपला नाहीस ना? सकाळी अपडेट झालं आणि तेव्हापासून वायफायच दिसत नाही बघ. स्टेशनजवळच्या दुकानात दाखवला. तो म्हणतो कार्ड गेलं, बोर्डावरच असतं, नवीनच घ्या. बेचाळीस हजार सांगितले."

काकू पाच-सहा छोट्या दुकानदारांची जीएसटीची कामं करतात. 20 तारीख म्हणजे जीएसटीआर-3बीचा शेवटचा दिवस. चुकला तर लेट फी, थकलेल्या रकमेवर 18 टक्के व्याज आणि त्याहून वाईट म्हणजे वीस वर्षांत कमावलेलं नाव.

अशा वेळी आधी रोग बरा करायला जायचं नाही, आधी पेशंट जगवायचा. त्यांचा फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि यूएसबी टेदरिंग चालू केलं. वायफाय नसलं तरी नेट आलं. काकूंनी माझ्याच डायनिंग टेबलवर बसून उरलेली रिटर्न्स भरली. साडेअकरा वाजले. मग मी डिव्हाइस मॅनेजर उघडला.

वायफाय कार्डाच्या नावासमोर पिवळा त्रिकोण. म्हणजे कार्ड लॅपटॉपला दिसत होतं, फक्त त्याच्याशी बोलणं होत नव्हतं. कार्ड पूर्ण मेलेलं असेल तर बहुतेक वेळा नावच दिसत नाही. दुकानदाराने एवढं पाहिलं असतं तरी बेचाळीस हजारांची गोष्ट निघाली नसती.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. ऑपरेटिंग सिस्टिम एक भाषा बोलते, चिप दुसरी, आणि हा मधे बसून दोघांचं जमवतो. अपडेटबरोबर कधीकधी दुभाषाच बदलतो. नवा येतो तो चिप बनवणाऱ्या कंपनीचा, सगळ्यांसाठी केलेला. जुना मात्र लॅपटॉपवाल्या कंपनीने त्या मॉडेलसाठी तपासून दिलेला असतो. नव्याला सगळं येतं, फक्त ह्या घरची बोली येत नाही. मग चिप ठीक, सिस्टिम ठीक, आणि संवाद शून्य. तक्रार करायला जा, तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. (आपल्याकडे रस्ता खणल्यावर होतं ना, अगदी तसंच.)

आता उपाय सोपा असायला हवा. 'रोल बॅक ड्रायव्हर' असं बटणच आहे तिथे. दाबायला गेलो तर राखाडी! मागचा ड्रायव्हर मशीनवर शिल्लक नसला की ते बटण दाबताच येत नाही. शेवटी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा जुना ड्रायव्हर उतरवला, नवा फाइलसकट काढून टाकला, जुना बसवला, रिस्टार्ट. वायफाय हजर. हुश्श!

एक गंमत सांगतो. काकूंनी दिवसभरात दहा वेळा तो बंद करून चालू केला होता. पण विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवला जातो. अडकलेला ड्रायव्हर उठतो तोही अडकलेलाच. खरं बंद करायचं तर रिस्टार्ट करा, नाहीतर शिफ्ट दाबून शट डाउन करा. हे किती जणांना माहीत आहे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बेल. अपडेटने तोच नवा ड्रायव्हर परत आणून बसवला होता!

आता मुद्द्यावर येतो. तुमच्यामाझ्या ऑफिसात रोलबॅक प्लॅन नसेल तर रिलीज पुढे सरकतं का? मॅनेजर पहिला प्रश्न तोच विचारतो. आधी थोड्या युजर्सना द्या, बघा, मग सगळ्यांना. बँकेच्या सर्व्हरला जी काळजी मिळते, ती काकूंच्या लॅपटॉपला का नको? विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'अपडेटबरोबर ड्रायव्हर देऊ नका' अशी पॉलिसी लावता येते. होम आवृत्तीत ती लावायला ग्रुप पॉलिसी एडिटरच नाही. म्हणजे "नको" म्हणायची सोयही जास्त पैसे मोजणाऱ्याला! ज्याच्याकडे आयटी डिपार्टमेंट आहे त्याला ब्रेक दिलाय, आणि जी बाई एकटी आहे तिला फक्त ॲक्सिलरेटर.

"मग अपडेट बंदच करून टाकू" म्हणणारे मित्र मला भेटतात. तेही चूक. जून 2017 मध्ये नॉटपेट्याने जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. तो ज्या वाटांनी पसरला त्यातल्या एका मोठ्या भोकाचं पॅच मार्चमध्येच आलं होतं. पण अपडेट डोळे मिटूनही घेता येत नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशिन्स निळी पडली, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर काकूंना "तुम्ही बॅकअप घ्यायला हवा होता" असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

माझं मागणं छोटं आहे. जुना चालणारा ड्रायव्हर मशीनवरच राहू द्या, ते बटण कधीही राखाडी होऊ देऊ नका, आणि माणसाने एकदा परत फिरवलं की त्याला विचारल्याशिवाय पुन्हा तेच लादू नका. ह्यात अवघड असं काहीच नाही. आपल्यासारखेच कुणीतरी इंजिनिअर हे ठरवतात, आणि त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना काकूंचा विचार केलेला नसतो. खरं सांगायचं तर मीही माझ्या युजर्सचा कितीदा केलाय?

असो. सध्या काकूंची अपडेट्स मी 'पॉज' केली आहेत, आणि जुना ड्रायव्हर एका पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. पॉज संपायच्या आत, 20 तारीख उलटली की, एका रविवारी मी वर जातो, समोर बसून अपडेट घेतो, सगळं चालतंय का बघतो. बदल्यात थालीपीठ मिळतं.

तुमच्या बिल्डिंगमध्येही अशा एखाद्या काकू असतील. एक पेन ड्राइव्ह आणि एक रविवार, एवढंच लागतं.