प्रश्न त्यांच्या भाषेत, उत्तर आपल्या



केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा मराठीतून देता येते, असं वस्तीत कुणीही छाती फुगवून सांगतं. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात. मुलाखतही मराठीत देता येते. पण प्रश्नपत्रिका मराठीत येत नाही. पूर्व असो की मुख्य, ती छापतात हिंदीत आणि इंग्रजीत. म्हणजे तोंड तुमचं चालेल, कान मात्र त्यांचे लावून या. आता प्रश्नच कळला नाही तर उत्तर काय कपाळ लिहिणार?

हा खेळ जुना आहे. सायबानं १८५५ साली लंडनमध्ये ही स्पर्धा परीक्षा सुरू केली. १९२२ साली ती भारतात घ्यायला लागले. तोवर मधे समुद्र घातलेला होता. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली पास झाले, पहिले भारतीय म्हणून. टागोरांच्या घरात बोटीचं भाडं होतं. त्याच बोटीत माल भरणाऱ्यांच्या घरात नव्हतं. आज मधे समुद्र नाही. आज मधे इंग्रजीचं एक लांबलचक वाक्य आहे.

मी गोदीत ठेक्यावर काम करतो. शिक्षण मॅट्रिक. या परीक्षेला पदवी लागते, ती माझ्याकडं नाही. तेव्हा मी कुणाला शिकवायला बसलेलो नाही. पण रात्री वस्तीतल्या अभ्यासिकेत पोरंपोरी बसतात, त्यांच्यात मी पण बसतो. एक गोष्ट रोज दिसते. आपली पोरं भूगोलाला पाठांतर समजतात आणि इंग्रजीला देव समजतात. भूगोल आपल्या पाठीवर आहे, तो पाठ कशाला करायचा? आणि इंग्रजी हे हत्यार आहे. हत्याराच्या पाया पडत नाहीत, त्याला धार लावतात.

भरती-ओहोटीचा धडा घ्या. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, भरती मोठी होते. अष्टमीच्या सुमाराला काटकोन होतो, भरती लहान. पुस्तक म्हणतं उधाणाची भरती आणि भांगाची भरती. हे शब्द कुठल्या प्रोफेसरनं घडवले नाहीत. ते किनाऱ्यावरच्या माणसांच्या तोंडातले आहेत. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, हे तुम्ही पुस्तकात वाचता. गोदीत त्या हिशेबानं जहाजं हलतात. तूर म्यानमारवरून येते, मोझांबिकवरून येते. तुमच्या ताटातल्या वरणात हिंदी महासागर आहे. नकाशा तिथून सुरू करा.

आता पर्जन्यछाया. सह्याद्री ढग अडवतो म्हणून माण-खटाव कोरडे. बरोबर आहे, लिहा. पण तेवढ्यावर थांबू नका. सह्याद्रीनं ढग अडवले, जमीन कुणी अडवली? विहीर कुणी अडवली? महाड सह्याद्रीच्या अलीकडं, तिथं पाऊस धो धो. तरी १९२७ साली चवदार तळ्याची ओंजळ ओठाला लावायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. पाणी असणं हा एक भूगोल झाला, पाणी मिळणं हा दुसरा. पहिला पुस्तकात आहे. दुसरा तुम्ही लिहायचा.

वैकल्पिक भूगोलात ग्रामीण वस्त्यांचे प्रकार येतात. केंद्रित, विखुरलेली, रेषेसारखी. आकृती काढायची असते. पुस्तकातल्या आकृतीत देऊळ असतं, रस्ता असतो, तळं असतं. गावकुसाबाहेरची घरं कुठंयत? तुम्ही काढा. शिव्या घालून नको. दिशा दाखवा, अंतर दाखवा, पाणवठा दाखवा, वाटा दाखवा. परीक्षकाला शिवी खोडता येते, मोजून काढलेली आकृती खोडणं अवघड जातं.

आता इंग्रजी. आधी हिशेब नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल. मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० मार्कांचा. त्यात २५ टक्के, म्हणजे ७५ मार्क मिळाले की सुटलात. ते एकूण बेरजेत धरत नाहीत. पण ७५ ला नापास झालात तर निबंधापासूनचे बाकीचे पेपर मोजतच नाहीत. मातृभाषेच्या पेपरलाही हाच नियम, त्यामुळं मराठीला गृहीत धरू नका. पूर्व परीक्षेतला सीसॅट २०११ साली आला. २०१४ साली दिल्लीत हिंदी माध्यमाची पोरं रस्त्यावर उतरली. २०१५ पासून तो पात्रतेपुरता झाला, २०० पैकी ३३ टक्के मिळवायचे. रस्त्यावर उतरलं की नियम हलतो, हेही वहीत लिहून ठेवा.

या सगळ्यात फाडफाड इंग्रजी बोलणं कुणी मागत नाही. वाचणं मागतात. तेव्हा तीस दिवसांत इंग्रजी बोला म्हणून नाक्यावर बोर्ड लावून बसलेत, त्यांना एक पैसा देऊ नका. रोज भूगोलाचं एक पान वाचा, एनसीईआरटीचं इंग्रजी पुस्तक आणि मराठी पुस्तक शेजारी शेजारी ठेवून. वाक्यातलं क्रियापद आधी पकडा, मग ते कोण करतंय ते शोधा, बाकीचा माल मागून उतरवा. ‘नॉट’, ‘ओन्ली’, ‘अनलेस’, ‘ऑलदो’ हे चार चोर. पूर्व परीक्षेत ‘नॉट’ नजरेतून निसटला की उत्तर उलटं होतं, मार्क जातोच, वर एक तृतीयांश दंड बसतो. ‘विंडवर्ड’, ‘लीवर्ड’ घोकू नका. एक वाऱ्याकडची बाजू, दुसरी आडोशाची. हे खलाशांचे, म्हणजे कष्टकऱ्यांचे शब्द आहेत.

मुख्य परीक्षेत प्रश्नाच्या शेवटचा हुकूम बघा. ‘एक्स्प्लेन’ म्हणजे कारण सांग. ‘डिस्कस’ म्हणजे सगळ्या बाजू मांड. ‘क्रिटिकली एक्झामिन’ म्हणजे नुसती मान डोलवू नको, तपासून पुराव्यानं बोल. हा शेवटचा हुकूम तर आपल्यासाठीच लिहिलाय.

काही दोस्त म्हणतील, व्यवस्थेच्या खुर्चीवर जाऊन बसायचं कशाला? त्यांनी १९९५ चे अत्याचार प्रतिबंधक नियम वाचावेत. जिल्ह्याची दक्षता समिती जिल्हा दंडाधिकाऱ्यानं नेमायची आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बसवायची, असं त्यात आहे. ती बैठक बोलावणारा हात कुणाचा आहे, यानं गावातल्या बाईला फरक पडतो. मात्र खुर्चीवर बसून तोच हात बैठक टाळणार असेल तर त्याला जाब विचारणारे पहिले आपणच.

आणि खोटी स्वप्नं विकणाऱ्यांपासून सावध. २०२४ च्या परीक्षेतून १००९ जणांची शिफारस झाली. अर्ज लाखांनी येतात. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३७ वर्षांपर्यंत कितीही वेळा बसता येतं. ही सवलत हक्काची आहे, पण उमेदीची सगळी वर्षं तिच्यात गाडायची सक्ती नाही. किती वेळा बसायचं ते आधीच ठरवा, हाताला काम ठेवा. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजिंदर नगरच्या एका क्लासच्या तळघरात पावसाचं पाणी शिरलं. तिथं अभ्यासिका होती. तीन विद्यार्थी बुडून मेले. पाणी उताराकडं जातं, हे भूगोलात शाळेतल्या पोराला शिकवतात. तळघरात पोरं बसवून पैसे घेणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं?

आमची मागणी साधी आहे. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. उत्तर त्या भाषांत चालतं, तर प्रश्नही त्या भाषांत छापा. ही मागणी सोडायची नाही. पण ती मान्य होईपर्यंत वाट बघत बसायचंही नाही. पोस्ट निघाली नाही तरी वाचायला शिकलेला माणूस एफआयआर वाचतो, कोर्टाचा कागद वाचतो, ठेक्याच्या करारातली बारीक अक्षरं वाचतो. अंगठा घ्यायला आलेल्याला तो विचारतो, हे काय लिहिलंय?

तेव्हा वस्तीतल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर एक मोठा नकाशा लावा. त्याच्यावर आपलं गाव शोधा, गावात आपलं घर शोधा. नसेल तर पेन्सिल घ्या.

जयभीम.