जुना रेडिओ बोलता हवा

जुन्या रेडिओचा नाद असणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एकाला तो दिवाणखान्यात दिसायला हवा असतो, दुसऱ्याला तो बोलायला हवा असतो. मी दुसऱ्या पंथातला. "आतला एकही भाग बदलू नकोस, किंमत जाते" हा सल्ला मला नेहमी मिळतो, आणि तो मला पटत नाही.

का ते सांगतो. व्हॉल्व्हच्या संचांत मेणकागदाचे कंडेन्सर असत. पन्नास-साठ वर्षांत ते ओल धरतात, त्यांतून वीज पाझरू लागते आणि चांगला व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मर हकनाक जळतो. असला कंडेन्सर 'मूळचा' म्हणून जपणे म्हणजे वाळवी लागलेली तुळई आजोबांची म्हणून तशीच ठेवणे. कॉईली, गँग, डायल हे मात्र जीव लावून जपावे, ते पुन्हा मिळत नाहीत. आणि इतिहासातला एखादा एकमेव संच असेल तर त्याला हात लावू नये, हेही मान्य.

असा संच थेट प्लगात घालू नये. शंभर वॉटचा जुना पिवळा दिवा सिरीजमध्ये लावावा. तो क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जावे, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात, हे विसरू नये.

आपल्याकडच्या हॅम मंडळींनी संच घरी बांधले ते काही निव्वळ हौसेने नव्हे. परदेशी संच परवडत नव्हते. मग लॅमिंग्टन रोड, पुण्याचा जुना बाजार, मिळेल तो ८०७ व्हॉल्व्ह! १९३९ साली युद्ध सुरू झाले आणि सरकारने हौशींचे परवाने रद्द केले, पण हातातली विद्या कशी रद्द करणार? २७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत उषा मेहता आणि सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला, त्याचा ट्रान्समीटर उभा करणारे नरिमन प्रिंटर हे असेच हौशी रेडिओवाले. अलीकडे हैदराबादच्या अशर फरहान यांनी 'बिटएक्स' हा संच इथे सहज मिळणाऱ्या भागांतून रचला. कॉईल गुंडाळायला चक्क नळाचे वायसर!

हे सगळे सुप्यात बसून का सांगतो आहे? आमच्याकडे एमआयडीसी आली, पोरे दिवसभर यंत्रांजवळ असतात. पण यंत्र बिघडले की अख्खे कार्ड बदलतात. आत काय झाले, ते कोणी बघत नाही. जुन्या संचात सगळे डोळ्यांना दिसते. एरियलपासून स्पीकरपर्यंत आवाज कुठे अडला, ते बोट ठेवून शोधता येते. सात मेगाहर्ट्झच्या एरियलला दहा-दहा मीटरच्या दोन तारा पुरतात, आणि जागेला इथे तोटा नाही. प्रक्षेपणाला मात्र सरकारी परीक्षा आणि परवाना हवाच. तोवर ऐकावे.

तेव्हा माळ्यावर एखादा संच असेल तर किलोच्या भावाने भंगारात घालू नका, पॉलिश करून कपाटातही ठेवू नका. जाणत्या माणसाला शेजारी बसवा, घरातल्या पोराच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर द्या आणि उघडा.